कूलरची परीक्षा

चैत्र लागला, की जामनेरच्या बाजारात मातीच्या माठांच्या उतरंडी दिसू लागतात. घरोघर एखादा नवा माठ येतो. गंमत अशी, की गेल्या वर्षीचा माठ घरात धडधाकट उभा असतो. त्याला कोठे तडा गेलेला नसतो, तो गळतही नसतो. तरीही आजी म्हणते, "त्यात आता पाणी गार होत नाही. तो धान्याला ठेवा." आजीचे म्हणणे अगदी खरे आहे. पण जो माठ गळत नाही तो बिघडला कसा?

माठाच्या भिंतीत असंख्य सूक्ष्म छिद्रे असतात. त्यांतून पाणी बाहेरच्या पृष्ठभागावर पाझरते आणि तेथे त्याची वाफ होते. पाण्याची वाफ व्हायला उष्णता लागते. तिला अप्रकट उष्मा म्हणतात, हे तुम्ही शाळेत शिकला आहात. ही उष्णता माठातील पाण्यातूनच घेतली जाते, म्हणून आतले पाणी गार होते. परंतु पाझरलेल्या पाण्याबरोबर त्यात विरघळलेले क्षारही बाहेर येतात. पाणी उडून जाते, क्षारांना उडता येत नाही. ते छिद्रांत बसतात. एका उन्हाळ्यात पुष्कळशी छिद्रे बुजतात आणि माठ 'आंधळा' होतो.

ही माठाची गोष्ट सांगितली ती कूलरसाठी. खिडकीत घरघरणारा कूलर म्हणजे पंखा लावलेला माठच होय. तो ज्या कारणाने गारवा देतो ते कारणही तेच, आणि ज्या कारणाने देईनासा होतो ते कारणही बहुधा तेच. आपल्या भागात तर कूलर ही चैनीची वस्तू राहिलेली नाही. उत्तरेला सातपुडा आणि दक्षिणेला अजिंठ्याचे डोंगर यांच्यामधल्या तापीच्या खोऱ्यात जामनेर, जळगाव, भुसावळ ही गावे येतात. मे महिन्यात येथे आकाश निरभ्र असते, पिके निघालेली काळी जमीन उघडी पडलेली असते आणि वारा कोरडा असतो. पारा ४४-४५ अंश सेल्सिअसवर जाणे ही येथे बातमी नसते. अशा दिवसांत घरातल्या म्हाताऱ्या माणसांना व तान्ह्या बाळांना कूलर बिघडणे परवडत नाही. म्हणून आज आपण कूलर तपासायला शिकू. त्याला मिस्त्री लागत नाही, दोन तापमापी लागतात.

दोन तापमापींचा प्रयोग

शाळेच्या प्रयोगशाळेतून दोन सारखे तापमापी घ्या. (ताप मोजण्याचा डॉक्टरी तापमापी येथे चालणार नाही.) आधी दोन्ही शेजारी शेजारी ठेवून ते एकच तापमान दाखवतात ना, ते पाहा. अर्ध्या-एक अंशाचा फरक असला तर तो वहीत लिहून ठेवा व पुढे वजा करा.

आता एका तापमापीच्या फुग्याभोवती जुन्या स्वच्छ मलमलीची पट्टी गुंडाळून दोऱ्याने बांधा. पट्टीचे दुसरे टोक पाण्याच्या लहान बाटलीत सोडा, म्हणजे ती सतत ओली राहील. पाणी शक्यतो उकळून गार केलेले, निवळलेले असावे. ते फ्रीजमधले मात्र नको. दोन्ही तापमापी सावलीत, जेथून कूलर हवा ओढतो त्या बाजूला, खिडकीबाहेर टांगा आणि पुठ्ठ्याने जोरात वारा घाला. ओल्या तापमापीचा पारा उतरू लागेल. पाच-सात मिनिटांनी तो एका ठिकाणी थांबेल. कोरडा तापमापी दाखवतो ते 'कोरडे तापमान' आणि दुसरा दाखवतो ते 'ओले तापमान'.

समजा, मे महिन्यातील दुपारी दोन वाजता कोरडे तापमान ४४ अंश आहे आणि हवेची सापेक्ष आर्द्रता १५ टक्के आहे. अशा हवेत ओले तापमान २३ अंशांच्या आसपास येते. म्हणजे तब्बल २१ अंशांचा फरक! हा फरक म्हणजेच कूलरचे भांडवल. नुसत्या पाण्याच्या बाष्पीभवनाने हवा गार करायची तर ती ओल्या तापमानाच्या खाली जाऊच शकत नाही. मग तो कूलर कितीही महाग असो. तेथे पोहोचेपर्यंत हवा बाष्पाने संपृक्त होते आणि आणखी पाणी सामावून घ्यायला तिच्यात जागाच उरत नाही.

प्रत्यक्षात कूलर तेथपर्यंतही जात नाही. ताट्यांतून हवा इतक्या वेगाने जाते, की तिचा काही भाग न भिजताच सुटतो. कूलर या २१ अंशांपैकी किती कमावतो, हीच त्याची परीक्षा. कोरडा तापमापी कूलरच्या तोंडाशी, जाळीच्या बाहेर, हवेच्या झोतात धरा. जाळीच्या आत काहीही घालू नका. समजा, तेथे २८ अंश आले. मग

कमावलेला फरक = ४४ − २८ = १६ अंश
उपलब्ध फरक = ४४ − २३ = २१ अंश
कार्यक्षमता = १६ ÷ २१ = ०.७६, म्हणजे शेकडा ७६.

शंभरपैकी ७६ गुण मिळवणारा कूलर चांगला समजावा. नव्या, नीट भिजणाऱ्या वुडवूलच्या ताट्या (म्हणजे लाकडाच्या पातळ तारांच्या, ज्यांना आपण सरसकट 'गवत' म्हणतो) ७० ते ७५ गुण देतात. पुठ्ठ्यासारख्या जाड कागदाच्या, मधाच्या पोळ्यासारख्या दिसणाऱ्या हनीकॉम्ब ताट्या ८० ते ८५ पर्यंत जातात. पण तोंडाशी ३५ अंश आले तर? ९ ÷ २१ म्हणजे ४३ गुण. तो कूलर 'नापास' झालेला नसेल, पण त्याच्याकडे पाहण्याची वेळ नक्कीच आली आहे.

या परीक्षेत एक फसगत होण्याचा संभव आहे, तेवढी सांगतो. पंखाच मंद फिरत असेल तर हवा ताट्यांत जास्त वेळ राहते व जास्त गार होऊन येते. गुण भरपूर मिळतात, पण खोली मात्र तापलेलीच! म्हणून तोंडाशी कागदाची पट्टी धरून हवेचा जोरही पाहावा. पट्टी पूर्वीसारखी ताठ उडत नसेल तर दोष ताट्यांचा नाही, पंख्याचा आहे. पुष्कळदा त्याचा कपॅसिटर कमजोर झालेला असतो (मिस्त्री त्याला 'कंडेन्सर' म्हणतात) किंवा बुश झिजलेले असते.

गुण कोठे गेले?

पंप चालू असताना ताट्या बाहेरून नीट पाहा. पूर्ण ओल्या दिसतात का? बहुधा एखादा उभा पट्टा कोरडा दिसेल. वरच्या पन्हाळीची किंवा नळीची दोन-तीन भोके क्षाराने बुजली, की त्यांच्याखालचा पट्टा कोरडा राहतो. आणि हवा मोठी आळशी असते. ओल्या, गच्च भागातून जाण्यापेक्षा तिला कोरड्या भागातून जाणे सोपे वाटते. त्यामुळे पाव ताटी कोरडी असली तर पावापेक्षा जास्त हवा तापलेलीच आत येते. जुन्या वुडवूलच्या बाबतीत दुसरेही होते. ते भिजून भिजून खाली बसते आणि वरच्या कडेला चार बोटे फट पडते. ही फट म्हणजे उन्हाच्या झळांना उघडलेले दारच.

आता क्षारांचा हिशेब करू. तो तुम्हांला आश्चर्यात टाकील. मध्यम कूलर तासाला २,००० घनमीटर हवा आत ढकलतो असे धरू. एवढ्या हवेचे वस्तुमान सुमारे २,२०० किलोग्रॅम होते. (हवेला वजन नसते असे वाटणाऱ्यांनी हा आकडा पुन्हा वाचावा!) एक किलोग्रॅम हवा एक अंशाने गार करायला सुमारे १ किलोजूल उष्णता काढून घ्यावी लागते. १६ अंशांनी गार करायची तर २,२०० × १६ = ३५,२०० किलोजूल झाले. या तापमानाला एक किलोग्रॅम पाण्याची वाफ होताना सुमारे २,४३० किलोजूल उष्णता खर्च होते. भागाकार केला तर उत्तर येते साडेचौदा किलोग्रॅम, म्हणजेच साडेचौदा लिटर पाणी. तेही एका तासाला. आठ तास कूलर चालला तर ११६ लिटर.

कूलरमध्ये बोअरचे पाणी असेल आणि त्यात लिटरमागे अर्धा ग्रॅम क्षार असतील, तर रोज ५८ ग्रॅम क्षार कूलरमध्ये मागे राहतील. साठ दिवसांत साडेतीन किलो होतील. टाकीत नुसती भर घालत राहिलो, पाणी कधी काढून टाकले नाही, तर एका आठवड्यात साठ लिटरच्या टाकीतले पाणी मूळच्यापेक्षा जवळजवळ पंधरा पट खारट व्हायला हवे. तेवढे होत नाही, कारण त्याआधीच कॅल्शियमचे क्षार पाण्यातून बाहेर पडून ताट्यांवर, पंपाच्या जाळीवर आणि पत्र्यावर पांढरे बसतात. त्या पांढऱ्या थरावर लिंबाचा रस पिळून पाहा. बुडबुडे आले तर तो मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेट आहे. निसटणारा वायू कोणता, हे सांगायला नकोच.

म्हणून टाकी 'भरणे' हे अर्धेच काम आहे. 'रिकामी करणे' हे उरलेले अर्धे. दर दोन-तीन दिवसांनी उरलेले पाणी काढून टाकावे. ते अंगण धुवायला, संडासात टाकायला चालते, मात्र ते कुंड्यांना घालू नये. पन्हाळीची भोके खिळ्याने नव्हे, तर झाडूच्या काडीने साफ करावीत, कारण खिळ्याने भोके मोठी होतात व सारे पाणी एकाच ठिकाणी पडते. हनीकॉम्ब ताट्यांवर थर बसला असेल तर किराणा दुकानात मिळणारे लिंबूसत्त्व, म्हणजे सायट्रिक आम्ल, पाण्यात विरघळवून त्यात त्या अर्धा-एक तास भिजवाव्यात व हलक्या धारेने धुवाव्यात. संडास धुण्याचे तीव्र आम्ल मुळीच वापरू नये. त्याने कागद जातो, पत्रा गंजतो आणि त्याची वाफ पंख्याबरोबर घरात येते. वुडवूल मात्र धुऊन फार सुधारत नाही. ते दर हंगामाला बदलावे, नव्या माठासारखे. हनीकॉम्ब दोन-तीन हंगाम किंवा अधिकही टिकते. ते कधी बदलायचे, हे दिवस मोजून ठरवू नका, गुण मोजून ठरवा. स्वच्छ करूनही गुण साठाच्या वर चढत नसतील तर त्याची सेवा संपली.

खिडकी उघडी ठेवा

"कूलर चालू आहे, दार-खिडक्या लावून घ्या," असे अनेक घरांतून ऐकू येते. हा उपदेश वातानुकूलन यंत्राला (आपण त्याला 'एसी' म्हणतो) लागू आहे, कूलरला अगदी उलटा. का ते पाहू. चार मीटर लांब, तीन मीटर रुंद, तीन मीटर उंच खोलीत ३६ घनमीटर हवा मावते. आपला कूलर एवढी हवा मिनिटाभरात आत आणतो. म्हणजे तेवढीच हवा मिनिटाभरात बाहेर गेली पाहिजे. तिला वाट नसेल तर नवी हवा आत येणार कोठून? आणि कूलरच खोलीच्या आत ठेवून दारे लावली असतील तर तो तीच तीच हवा पुन्हा ओली करीत बसतो. मेमधील कोरड्या हवेत घनमीटरला नऊ-दहा ग्रॅम बाष्प असते. २८ अंशांना हवेत जास्तीत जास्त २७ ग्रॅम मावते. म्हणजे सबंध खोलीची हवा सहाशे ग्रॅम पाणी प्याली, की तिची तहान भागली. सुरुवातीला कूलर मिनिटाला २४० ग्रॅम पाजत असतो. तेव्हा काही मिनिटांतच खोली दमट होते, अंगावरचा घाम वाळेनासा होतो आणि गाद्यांनाही ओल येते. आपले शरीरही घामाच्या बाष्पीभवनानेच गार राहते हे विसरू नका.

यासाठी कूलरची पाठ खिडकीबाहेर, शक्य तर सावलीत असावी, आणि समोरच्या भिंतीतली खिडकी किंवा दार निदान कूलरच्या तोंडाइतके उघडे असावे.

हा भाग दोनदा वाचा

दर उन्हाळ्यात खानदेश-विदर्भाच्या वर्तमानपत्रांत कूलरचा विजेचा धक्का लागून कोणी दगावल्याच्या बातम्या येतात. त्यांत मुलेही असतात. छताच्या पंख्याने असे सहसा होत नाही. मग कूलरनेच का?

कूलरमध्ये वीज, पाणी आणि लोखंडी पत्रा एकत्र नांदतात. पंप पाण्यात बुडालेला असतो, त्याची तार उन्हाने व पाण्याने कडक होऊन तडकते, आणि पत्र्याला वीज उतरते. कूलर मात्र चालूच राहतो. बाहेरून काही कळत नाही. कोरड्या त्वचेचा रोध पुष्कळ असतो, परंतु भिजलेल्या हातापायांनी शरीराचा एकूण रोध १,००० ओहमच्या आसपास येऊ शकतो. ओहमचा नियम लावा. २३० व्होल्ट ÷ १,००० ओहम = ०.२३ अँपिअर, म्हणजे २३० मिलिअँपिअर. काही दशक मिलिअँपिअरचा प्रवाह छातीतून गेला तरी हृदयाची लय बिघडून प्राण जाऊ शकतो.

तुम्ही म्हणाल, घरात फ्यूज असतोच की. तो पाच अँपिअरचा असतो. त्याच्या दृष्टीने ०.२३ अँपिअर म्हणजे एखादा दिवा लागल्यासारखेच. माणूस मरेल, पण फ्यूज वितळणार नाही. फ्यूज तारांना आगीपासून वाचवतो, तुम्हांला धक्क्यापासून नव्हे. तुम्हांला वाचवणाऱ्या वस्तू दोन. पहिली म्हणजे अर्थिंग. कूलरचा पत्रा जाड तारेने जमिनीशी जोडलेला असला, की पत्र्यावर उतरलेली वीज अत्यंत कमी रोधाच्या वाटेने जमिनीत जाते. मग प्रवाह इतका मोठा होतो की फ्यूज खरोखर वितळतो. म्हणून प्लगला तीन पिना असतात. तिसरी जाड पिन कापून टाकणे किंवा दोन उघड्या तारा काड्यांनी सॉकेटात खोचणे म्हणजे हा रक्षक हाकलून देणे होय. दुसरी वस्तू म्हणजे ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी. जाणारा आणि परत येणारा प्रवाह तो सतत ताडून पाहतो. दोहोंत ३० मिलिअँपिअरचा फरक पडला, की कोठेतरी गळती आहे हे ओळखून क्षणार्धात वीज तोडतो. त्यावर 'टेस्ट' असे लिहिलेले बटन असते, ते महिन्यातून एकदा दाबून पाहावे. दाबल्यावर वीज गेली पाहिजे.

अर्थिंग बरोबर आहे की नाही हे पाहणे परवानाधारक वायरमनचे काम, तुमचे नव्हे. तुमचे काम एवढेच, की पाणी भरताना, ताटी काढताना, लहान भावंडाचा चेंडू कूलरखाली गेला तरीसुद्धा, आधी बटन बंद करायचे आणि मग कोरड्या हाताने प्लग उपसून बाहेर काढायचा. नुसते बटन बंद करून भागत नाही. चुकीच्या जोडणीत बटन बंद असतानाही यंत्रात वीज असू शकते. आणि वरील तापमापीचा प्रयोग करताना कूलरच्या पत्र्याला हात लावू नका. पायांत कोरड्या चपला असू द्या आणि घरातले मोठे माणूस जवळ असू द्या.

पाणी कोणाचे जास्त?

मघाच्या ११६ लिटरांकडे परत येऊ. जलजीवन मिशनने ग्रामीण भागात माणशी रोज ५५ लिटर पाणी हे प्रमाण धरले आहे. म्हणजे आपला कूलर दोन माणसांचे पाणी पितो. उन्हाळ्यात चार-चार, आठ-आठ दिवसांआड नळाला पाणी येणारी गावे आपल्या भागात थोडी नाहीत. तेथे हा आकडा थट्टेचा नाही.

मग एसी बरा का? तो पाणी पीत नाही, उलट नळीतून थेंब थेंब बाहेर टाकतो. परंतु कूलरला १५०-२०० वॅट पुरतात, तर दीड टनाच्या एसीला सुमारे दीड किलोवॅट लागतात. आठ तासांत, मधूनमधून थांबत चालला तरी, दहाएक युनिटे वीज जाते. ही वीज येते कोठून? भुसावळजवळच्या दीपनगरचे औष्णिक केंद्र तुम्हांला ठाऊक असेल. तेथेही वाफ करायला व यंत्रे थंड ठेवायला पाणीच लागते, आणि ते तापीचे. अशा केंद्रांनी एका युनिटमागे साडेतीन लिटरांहून अधिक पाणी वापरू नये असे बंधन केंद्र सरकारने २०१५ मध्ये घातले. त्या हिशेबाने दहा युनिटांमागे ३५ लिटर झाले. म्हणजे एसीही पाणी पितो, फक्त तुमच्या अंगणात पीत नाही. तरीही कूलरपेक्षा कमीच, हे कबूल केले पाहिजे. कोळसा, धूर आणि विजेचे बिल हे हिशेब निराळे.

'टन' या शब्दाने गोंधळू नका. यंत्राच्या वजनाशी त्याचा संबंध नाही. एक टन बर्फ चोवीस तासांत वितळताना ज्या दराने उष्णता शोषून घेतो तो हा दर, सुमारे साडेतीन किलोवॅट. बर्फाच्या लाद्यांनी गारवा विकत घेण्याच्या काळातले हे माप आहे. आधुनिक वातानुकूलन अमेरिकेत १९०२ मध्ये सुरू झाले, आणि तेही माणसांसाठी नव्हे. ब्रुकलिनमधील एका छापखान्यात दमट हवेने कागद ताणत-आखडत होता व रंग एकावर एक नीट बसत नव्हते, म्हणून विलिस कॅरिअर या तरुण अभियंत्याने हवेतील ओलावा काढणारी योजना आखली. ओलावा काढणे हा एसीचा मूळ गुण तेव्हापासूनचा आहे, आणि कूलरला नेमके तेच जमत नाही.

याचा प्रत्यय मृगाचा पाऊस पडला की येतो. तोच प्रयोग पाऊस झाल्यावर करून पाहा. समजा, कोरडे तापमान ३४ व आर्द्रता ६५ टक्के आहे. आता ओले तापमान सुमारे साडेअठ्ठावीस येईल. उपलब्ध फरक अवघा साडेपाच अंशांचा. ७६ गुणांचा उत्तम कूलरही त्यातून चारच अंश कमावील, आणि वर हवा चिकट करील. तेव्हा कूलर बिघडलेला नसतो, त्याचे भांडवल संपलेले असते. अशा वेळी पंप बंद करून नुसता पंखा चालवावा. मुंबईच्या घरांत कूलर फारसे का दिसत नाहीत, याचे उत्तरही तुमच्या ओल्या तापमापीत आहे.

तेव्हा कूलर जाऊन त्या जागी एसी आणावा का, याचा निर्णय मे महिन्यातल्या तापमानावर घेऊ नये, जून ते सप्टेंबरच्या ओल्या तापमानावर घ्यावा. आणि घेण्यापूर्वी छताकडे पाहावे. धाब्याच्या जुन्या घरांत मातीच्या जाड भिंती व जाड छत यांमुळे दुपारची उष्णता आत पोहोचेपर्यंत रात्र होई. सिमेंटची पातळ स्लॅब दिवसभर तापते व रात्रभर आपल्याला भाजते. तिच्यावर चुन्याचा पांढरा हात दिला तर पुष्कळ ऊन परत फिरते. हा खर्च कूलरवाल्यालाही उपयोगी आणि एसीवाल्यालाही.

एसी घेतलाच तर दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. त्याची क्षमता साधारणतः बाहेर ३५ अंश आहेत असे धरून ठरवलेली असते. आपल्याकडच्या ४५ अंशांत तो कमी गारवा देतो आणि जास्त वीज खातो. म्हणून त्याचा बाहेरचा भाग पश्चिमेच्या भिंतीवर, उन्हात लावू नये. आतली जाळी दर पंधरा दिवसांनी धुवावी. दुसरी गोष्ट गॅसची. "दरवर्षी गॅस भरावा लागतो" असे पुष्कळांना वाटते, ते चूक आहे. एसीतला वायू इंधन नाही, तो खर्च होत नाही. बंद नळ्यांत तोच वायू द्रव होतो, पुन्हा वायू होतो, वर्षानुवर्षे. तो कमी झाला असेल तर कोठेतरी गळती आहे. ती न बुजवता वर गॅस भरणे म्हणजे फुटक्या घागरीत पाणी भरणे. शिवाय गळालेला वायू जातो आकाशात. जुन्या यंत्रांतील आर-२२ हा वायू ओझोनच्या थराला अपाय करतो, म्हणून १९८७ च्या माँट्रिअल करारानुसार त्याचा वापर बंद होत चालला आहे. नव्या यंत्रांतील आर-३२ ओझोनला धक्का लावत नाही, पण पृथ्वीचे तापमान वाढवण्यात तो कार्बन डायऑक्साइडच्या शेकडो पट प्रभावी आहे.

काही एसी उलटे फिरवून हिवाळ्यात खोली उबदारही करता येते. आपल्याकडे थंडी थोड्या आठवड्यांची, तेवढ्यासाठी ते यंत्र घेण्याचे कारण नाही. मात्र ऊब हवी म्हणून बंद खोलीत कोळशाची शेगडी ठेवून कोणी झोपू नये. तिच्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला ना वास ना रंग, आणि झोपेतच तो जीव घेतो.

आता पावसाळ्यात कूलर ठेवून देण्याविषयी. डेंग्यूचा एडिस डास स्वच्छ, साठलेल्या पाण्यात वाढतो आणि अंड्यापासून डास व्हायला त्याला आठ-दहा दिवस पुरतात. म्हणून हंगामातही आठवड्यातून एकदा टाकी पूर्ण रिकामी व कोरडी करावी लागते. परंतु नुसते पाणी ओतून दिले तर अर्धेच काम होते. या डासाची मादी अंडी पाण्यात नव्हे, पाण्याच्या रेषेजवळ ओलसर भिंतीवर चिकटवते. ती अंडी कोरड्यात महिनोन्‌महिने तग धरतात आणि पुढच्या चैत्रात तुम्ही टाकी भरली, की जागी होतात. तेव्हा कूलर माळ्यावर टाकण्यापूर्वी प्लग काढा, टाकीच्या आतल्या कडा काथ्याने घासून घ्या, वुडवूल काढून टाका, हनीकॉम्ब उन्हात खडखडीत वाळवा, पंप साध्या पाण्यात चालवून धुऊन घ्या, आणि गंजलेल्या जागी रंगाचा हात द्या. वहीतले या वर्षीचे गुणही कूलरच्या पाठीवर खडूने लिहून ठेवा. पुढच्या वर्षी नव्या ताट्या आणायच्या की नाहीत, हे ठरवायला ते उपयोगी पडतील.